बारावा ओ

फार फार वर्षांपूर्वी एका राज्यात मोठी साथ येऊन गेली. साथ ओसरली तेव्हा माणसं थोडी उरली होती आणि बंद दारं फार. माग थांबले, तेलाचे घाणे थांबले, भट्ट्या विझल्या.

राजा भला होता. त्याने फर्मान काढलं, "ज्याला धंदा उभा करायचा असेल त्याने पेढीवरून भांडवल उचलावं. त्याला जामीन मी. धंदा बुडाला तर पेढीचे पैसे माझा खजिना भरेल."

पण कर्ज मागणारा माणूस खरोखर आहे की नाही, हे कळणार कसं? त्यासाठी एक रीत ठरली. भर दुपारी, सावली पायाखाली आली की दवंडीवाल्याने कर्जदाराच्या दारासमोर त्याच्या नावाने तीनदा हाक मारायची. तिसऱ्या हाकेला कर्जदाराने उंबऱ्यावर येऊन 'ओ' द्यायचा. तिसऱ्याच का? कारण भुताची हाक एकदाच येते, पहिल्या हाकेला ओ देऊ नये, हे त्या राज्यात शेंबडं पोरही जाणत होतं. ओ मिळाला की कारभारी कागदावर लिहायचा, 'माणूस हजर.' मग पेढी थैली सोडायची. भांडवल तीन हप्त्यांत मिळे आणि दर हप्त्याला नव्याने ओ लागे.

एका गावात दवंडीचं काम एका तरुण मुलीकडे होतं. तिचा बाप रखमाजी दवंडीवाला साथीत गेला. तिने स्वतःच्या हाताने त्याला अग्नी दिला होता. त्याचा डफ तिच्या गळ्यात आला, आणि त्या डफावरच तिची चूल पेटत होती.

एके दिवशी गावचा कारभारी सुभानराव तिला कोष्टी आळीत घेऊन गेला. साथीत ही अख्खी आळी पांगली होती. कोण जगलं, कोण गेलं, कुणालाच ठाऊक नव्हतं.

"परत आलीत बिचारी," सुभानराव म्हणाला. "अकरा घरं, अकरा माग. मार हाका."

तिने डफ वाजवला. "सावळाराम कोष्टी होऽऽ!" एकदा. दोनदा. तीनदा.

बंद दारामागून आवाज आला, "ओ."

ओलसर, पोकळ आवाज. विहिरीच्या तळातून यावा तसा. दार मात्र उघडलं नाही.

"उंबऱ्यावर नाही आला तो," मुलगी म्हणाली.

"आजारातून उठलेली माणसं, त्यांना ऊन सोसत नाही. आणि हे बघ पोरी, तुझं काम हाक मारायचं. ओ कोण देतं ते बघायचं नाही."

अकरा नावं झाली, अकरा ओ आले. मुलीच्या अंगावर काटा उभा राहिला, पण ती गप्प बसली.

दुसऱ्या हप्त्याला तिने नीट पाहिलं. एकाही घरातून मागाची खटखट नव्हती. एकाही धाब्यावर धूर नव्हता. उंबऱ्यांवरचं गवत कुणी तुडवलेलं नव्हतं. आणि गोदू कोष्टिणीच्या ओमागे जो खोकला आला, तोच खोकला पुढे यमाजीच्या ओमागेही आला.

कारभारी कागद गुंडाळून पुढे निघून गेला. मुलगी एकटीच आळीत उभी राहिली. ऊन रणरणत होतं, पण वाऱ्याची झुळूक थंड लागत होती. तिला काय वाटलं कोण जाणे, तिने यादीत नसलेलं एक नाव घेतलं.

"रखमाजी दवंडीवाले होऽऽ!" एकदा. दोनदा. तीनदा.

शेवटच्या घरातून ओ आला.

ती दोन पावलं पुढे सरली. क्षणभर वाटलं, धावत जावं, दार ढकलावं, बाबा म्हणावं. पण ती थांबली. तिने स्वतःलाच विचारलं, "भूत असेल, तर त्याला कर्ज कशाला हवं? आणि माणूस असेल, तर माझ्या बापाच्या नावाला ओ देणारा तो कोण?"

गावात तिने ही शंका बोलून दाखवली. लोक हसले.

"राजाचा पैसा आहे बाई, आपल्या बापाचं काय जातं?"

"पुरावा आहे का तुझ्याकडे? खोटं ठरलं तर डफ जाईल हो तुझा!"

एक तेलीण तेवढी हसली नाही. तिचा कर्जाचा अर्ज दोनदा परत आला होता. राजाने गावाला जेवढ्या रकमेची हमी दिली होती ती संपली, असं कारभाऱ्याने सांगितलं होतं. बैल विकून ती आता स्वतःच घाण्याला खांदा देत होती. "आपल्या बापाचं जात नाही म्हणतात," ती म्हणाली, "पण माझा तर बैल गेला ना गं!"

दुसऱ्या दिवशी मुलीने राजधानीची वाट धरली.

तिथे राजाची आत्या प्रजेच्या तक्रारी ऐकायला बसे. सगळे तिला आत्यासाहेब म्हणत. आत्यासाहेबांनी विचारलं, "लबाडी डोळ्यांनी पाहिलीस?"

"नाही."

"मग काय आणलंस?"

"ऐकलेलं. आणि न ऐकू आलेली मागाची खटखट."

"मग तेवढंच सांग. पदरचं एक अक्षर घालू नकोस आणि भीतीने एक गाळू नकोस. शोधणं आमचं काम. तुझं नाव माझ्यापाशीच राहील."

मुलीने सांगितलं. बापाच्या नावाचंही सांगितलं. आत्यासाहेबांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

तिसऱ्या हप्त्याच्या दुपारी कोष्टी आळीत बाजाराला आलेल्या चार बायका उभ्या होत्या. शिपाई गवळ्यांच्या वेशात होते. सुभानरावाला पत्ता नव्हता. अकरा नावं झाली, अकरा ओ आले. तो कागदावर लिहिणार, इतक्यात एक म्हातारी पदर सारून पुढे झाली.

"कारभारी, एक नाव राहिलं."

त्याने ओळखलं. लगबगीने मुजरा केला. "आत्यासाहेब! आपण? कुठलं नाव?"

आत्यासाहेबांनी बंद दारांकडे तोंड करून हाक मारली. "सुभानराव होऽऽ!" एकदा. दोनदा.

कारभारी ओशाळं हसला. "काय थट्टा करता! मी तर इथे, आपल्यापुढे..."

तिसरी हाक गेली. आणि शेवटच्या घरातून ओ आला.

शिपायांनी दारं फोडली. अकरा घरांत एकही माग नव्हता. भिंतींना आतून भगदाडं पाडली होती. प्रत्येक घरात एक रिकामा रांजण होता आणि शेवटच्या घरात सुभानरावाचा मेहुणा भाकरी खात बसला होता. हाच या घरातून त्या घरात सरकायचा आणि रांजणात तोंड घालून ओ द्यायचा. बायकांच्या नावांना नाक दाबून द्यायचा.

"माणूस मोठा गुणी!" आत्यासाहेब म्हणाल्या. "पण बारावा ओ देऊन फसलास की रे!"

मेहुणा घास गिळायचा थांबला. "बारावा? आईशपथ, मी अकराच दिले. हे बघा, ओ दिला की एक खडा टाकतो. अकरा खडे. मग भाकरीचं फडकं सोडलं."

"आणि मागच्या खेपेला?" मुलीने विचारलं.

"तेव्हाही अकराच."

सुभानराव मटकन धुळीत बसला आणि कुणी विचारण्याआधीच सगळं सांगू लागला. थैल्या कुठे पुरल्या, पेढीवर कुणाला किती वाटा दिला, सगळं.

पुढे राजाने शोध घेतला. ती अकराही माणसं परगावी साथीत वारली होती. त्यांची नावं कर्जाच्या कागदावरून पुसली. पैसा हाती लागला तेवढा खजिन्यात परत आला, आणि गावाची हमी पुन्हा खुली झाली. तेलिणीच्या दारात डफ वाजला, तेव्हा ती तिसऱ्या हाकेला तेलकट हातांनिशी उंबऱ्यावर आली. "ओ गं ओ! पहिल्याच हाकेला ऐकलं होतं मी, पण रीत म्हणून थांबले!"

सुभानरावाला हद्दपार केलं. तो दूर कुठल्याशा गावी राहिला. म्हणतात, तिथे त्याला कुणी नावाने हाक मारली तर तो लवकर उत्तर देत नसे. आधी कान टवकारून बसे, आपल्याआधी दुसरं कुणी ओ देतंय का, ते ऐकत.

बोध: लबाडीची शंका आली तर ऐकलं-पाहिलं तेवढंच, पण योग्य दारी जाऊन सांगावं, कारण गप्प बसणं म्हणजे चोराच्या हाकेला ओ देणंच.