एक मूल आमचे, एक तुमचे

पूर्वी वाराणसीवर महासेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व शेजारच्या वेणुपुरात जन्मला आणि तिथल्या धृतिमान राजाचा अमात्य झाला. वेणुपूर एवढेसे, की सकाळी निघालेला गुराखी गुरे वळता वळता दुपारी परराज्यात शिरे.

एकदा महासेनाचा दूत आला. "राजे सारे समान," तो म्हणाला. "म्हणून तहही समान. एक मूल आमचे तुमच्याकडे ओलीस, एक तुमचे आमच्याकडे. जो तह मोडेल, त्याच्या मुलाचे शिर जाईल."

धृतिमान हिशेब करू लागला. महासेनाला अनेक राण्यांचे तीसेक मुलगे. धृतिमानाला एकुलती एक मुलगी, उत्पला. शिवाय तह कुणी मोडला, हे ठरवणार कोण? बळी तो कान पिळी. पलीकडच्या राजावर महासेनाने असाच आळ घेतला होता, आणि त्याच्या ओलीस मुलाचे शिर घरी आले ते टोपलीतून. नाही म्हणावे, तर सीमेवर हत्ती उभे. नाव धृतिमान, म्हणजे धीराचा, पण उत्पलेची वेणी घालणाऱ्या दासीकडे त्याला बघवेना.

ठरल्या दिवशी सीमेवरच्या मंडपात इतर राजे साक्षीला बसले. उत्पलेने बापाचे उपरणे घट्ट धरले होते. समोर महासेनाचा एक कुमार आणून उभा केला. तोही भेदरून बापाकडेच बघत होता. ते पाहून धृतिमानाला आणखीच भीती वाटली.

बोधिसत्त्वाने शांतपणे विचारले, "महाराज, कुमारांचे नाव काय?"

महासेनाने सेनापतीकडे पाहिले. सेनापतीने खाली पाहिले.

"सुतनू," मुलगाच हळू आवाजात म्हणाला.

"सुतनू, घाबरू नकोस. तह कुणीही मोडो, वेणुपुरात तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही." मग बोधिसत्त्व महासेनाकडे वळला. "तह समान आहे, महाराज. आता एवढेच उत्पलेला सांगा."

धृतिमानाने उत्पलेला जवळ ओढले. हाती होता तो एकच धाक, तोही अमात्याने देऊन टाकला होता. महासेनाचा हात तलवारीच्या मुठीवर गेला.

"मग ओलीस घ्यायचाच कशाला?"

"तेच मी विचारतो आहे, महाराज."

कुणी हलले नाही. सुतनू तेवढा चालत गेला आणि बापाला दिसू नये म्हणून धृतिमानाच्या पाठीमागे उभा राहिला. ते महासेनाने पाहिले, साक्षीच्या राजांनीही पाहिले. मुठीवरचा हात खाली आला.

"मुलगी घेऊन जा," महासेन म्हणाला. त्याने पुन्हा कुणाकडे ओलीस मागितला नाही. सुतनू मात्र परत जायला तयार होईना. तो वेणुपुरातच वाढला.

ही कथा सांगून शास्ता बुद्ध म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा धृतिमान म्हणजे आनंद, उत्पला ती भिक्षुणी उत्पलवर्णा, सुतनू तो राहुल, आणि अमात्य मीच होतो. महासेन याच सभेत बसला आहे. आज तो कुणाला भिववीत नाही, म्हणून त्याचे नाव मी घेत नाही. दुबळ्याला समान म्हणणे बलवानाला सोपे असते. त्या दुबळ्याची भीती काढून घेणे, हे अभयदान."