रुबाबराव आणि शेणाचा गोळा

अभयारण्यात शाळेच्या सहली नुकत्याच यायला लागल्या होत्या, त्या काळातली गोष्ट. पाणवठ्यापाशी रुबाबराव नावाचा वाघ राहायचा. सहलीची जीप येणार म्हटलं की स्वारी पहाटेपासून मिशा चाटत बसायची.

एकदा जीप आली. रुबाबरावांनी मान तिरकी करून ऐटीत जांभई दिली. पण मुलांच्या बाई चाकापुढे बोट दाखवून कुजबुजल्या, "अगं बाई, शेणकिडा! बघा, गोळा कसा ढकलतोय!" सगळी जीप तिकडे वाकली. रुबाबरावांनी चिडून डरकाळी फोडली, तर एक मुलगी वळून म्हणाली, "शूऽऽ! किडा घाबरेल ना!"

जीप गेल्यावर रुबाबराव किड्यावर खेकसले, "लेका, काय जादू केलीस त्या पोरांवर?"

"कुठली पोरं?" किडा म्हणाला. "इथे गोळा चढावर चढेना, वाघोबा. तुम्ही जरा ढकलून बघता का?"

"हात्तिच्या!" म्हणत रुबाबरावांनी पंजा मारला. गोळा फुटला.

"तसं नाही हो! डोकं खाली, मागचे पाय गोळ्यावर!"

मग काय, रुबाबराव हट्टालाच पेटले. दुसऱ्या दिवशी जीप आली तेव्हा डोकं खाली, शेपूट वर करून ते गव्याच्या शेणाचा भलाथोरला गोळा चढावर रेटत होते. मुलं आ वासून बघतच राहिली.

"वाघोबा, पोरं आली वाटतं," किडा म्हणाला.

"कुठली पोरं?" रुबाबराव धापा टाकत ओरडले. "गोळा धर आधी, घसरतोय!"