सात मणी

मुलांची बुद्धी मोजण्याचे शास्त्र आपल्याकडे नुकतेच रुळले होते, तेव्हा एकदा एका वृद्ध मानसशास्त्रज्ञाकडे त्यांची शिष्या एक यादी घेऊन आली. शाळेतून काढून मंदबुद्धींच्या आश्रमात धाडायच्या मुलांची ती यादी होती. गुरुजींची सही झाली, की मुले संध्याकाळच्या गाडीने जाणार होती.

शेवटचे नाव भागूचे. दागिने रेशमात गाठवणाऱ्या पटवेकऱ्याची ही आठ वर्षांची लेक. पाच मिनिटांत तीस मणी ओवायचे, ही गुरुजींनी उमेदीची वर्षे घालवून बसवलेली कसोटी. भागूने ओवले सात. शिष्येने दोनदा आकडा तपासला. शास्त्राप्रमाणे कुठेच चूक नव्हती. तरी सकाळपासून तिच्या जिवाला घोर लागला होता. आपल्या एका शेऱ्याने पोर आईपासून तुटणार, हे काही केल्या मनातून जाईना.

गुरुजींनी यादी बाजूला सारली आणि मुलांनी ओवलेल्या माळा मागितल्या. पहिला आलेल्या मुलाची माळ उचलून त्यांनी कात्रीने मधोमध कापली. तीसही मणी फरशीवर सैरावैरा पळाले. शिष्या घाबरून ते वेचायला वाकली, तोवर त्यांनी भागूचीही माळ कापली. एकच मणी निखळला. उरलेले सहा जागच्या जागी होते, कारण दर मण्यानंतर एक बारीक गाठ होती.

"एवढा वेळ का लागतोय, हे तिला विचारलंस?"

"मधे बोलायचं नाही असा नियम आहे, गुरुजी. तुम्हीच घातलेला."

वृद्धाचा चेहरा उतरला. "हो, मीच घातला. पटवेकऱ्याच्या घरी गाठ न मारता मणी ओवला, तर आई माळ उसवायला लावते. पोरीनं घरी शिकवलेलं काम चोख केलं, आणि आपण घड्याळ बघत बसलो. मुलाला विचारायचं नाही, हेच शहाणपण मी तीस वर्षं शिकवलं. किती याद्यांवर सह्या केल्या, ते आता आठवायचंही धाडस होत नाही."

त्यांनी लेखणी तिच्यापुढे केली. तिने भागूचे नाव खोडले. पण वर अजून अकरा नावे होती.

"आणि ही?" तिने विचारले.

गुरुजींनी काठी घेतली. "चल. एकेकाला विचारून येऊ."

ती मागोमाग निघाली. वाटेत तिला गेल्या वर्षीच्या यादीतली मुले एकामागून एक आठवू लागली. त्यांची गाडी केव्हाच गेली होती.