रोजारिनची कपार

गोव्याकडे उतरणाऱ्या घाटात, सिद्द्यांच्या वाडीच्या डोक्यावर एक कपार आहे. पाहुणे धापा टाकत वर येतात आणि तोंड वाकडे करतात, एवढ्याशा भोकासाठी एवढी चढण! वाडीतला सर्वांत जुना माणूस, बस्त्यावबाब, त्यांना आत बसवतो. आत ताठ बसता येत नाही, पाय पसरता येत नाहीत. पाहुणे बाहेर पडायला धडपडू लागले की तो म्हणतो, "बसा हो. तिला तर बाहेर पडायची सोयच नव्हती." मग तो सांगू लागतो.

रोजारिन एका जमीनदाराची गुलाम होती, असे सांगतात. फिरंग्यांनी तिला समुद्रापलीकडून, आफ्रिकेतल्या रानातून धरून आणले होते. नावही मालकाने ठेवलेले. आईने ठेवलेले आज कोणालाच ठाऊक नाही. ऐन श्रावणात ती दोन लेकरे घेऊन इतर गुलामांबरोबर पळाली आणि या कपारीत शिरली. मागे कडा, पुढे दुथडी भरलेली नदी, आणि एकुलत्या एका वाटेवर मालकाची माणसे कुत्री घेऊन तळ ठोकून बसलेली. शिदोरी संपली. अंग चोरून बसून बसून माणसे एकमेकांवर खेकसू लागली. पोर रडले की त्याच्या तोंडावर हात दाबावा लागे.

एके दिवशी वरच्या झाडीत रोजारिनला पांढरीशुभ्र अळंबी दिसली. तिच्या आईच्या रानात अगदी अशीच उगवत. ती हरखून गेली. "आमचीच गो ही, माझ्या आयेची!" आईने शिकवले होते, अळंब्याला हात लावण्याआधी वरचे झाड बघावे, ते ओळखीचे असेल तरच खुडावे. इथले एकही झाड तिच्या ओळखीचे नव्हते. पण भुकेने आणि घरच्या आठवणीने तिची मान वर झालीच नाही.

तिच्या लोकांत आधी पोरांना वाढायची रीत होती. मोठी लेक कातारीन तापाने पडली होती, तिने तोंड फिरवले. अळंबी मूठभरच, ती सारी धाकट्या जुजेने चाटूनपुसून खाल्ली. दुसऱ्या सकाळी त्याच्या पोटात कळा उठल्या आणि दिवस मावळायच्या आत ते पोर आईच्या मांडीवरच दगावले. मोठ्याने रडायचीही चोरी होती. तिने पदर तोंडात कोंबला, असे सांगतात.

पाऊस थांबेना. भोवती अळंबीच अळंबी, पण कोणी बोट लावेना. त्याच रात्री कातारीनचा ताप उतरला आणि ती खायला मागू लागली. तेव्हा जुजेच्या अंगावर हात ठेवून रोजारिनने शपथ घेतली, "हे रान मला कळत नाही. आता ते आधी माझ्या पोटात जाईल. रात्र काढून मी जिवंत राहिले, तरच पोरांनी खायचं."

"आणि तू गेलीस तर? पोरीला कोण?" एकाने विचारले.

"तुम्ही आहात. पण ती माझ्या चुकीनं जायची नाही."

मग रोज अळंब्याची एकेक जात ती कपारीच्या तोंडाशी बसून एकटी खाई. कधी ओकून ओकून अर्धी होई, कधी भलतेच काही दिसून बडबडे. कातारीन आतून टक लावून बघत राही. शेवटी रोजारिनला एक वारूळ सापडले, त्यावर मातकट टोपीची अळंबी उगवलेली. तिच्या देशातही ही वारुळावरच उगवत. तरीही तिने भुकेल्या लेकीला थांबवले, आधी स्वतः खाल्ली आणि उजाडेपर्यंत वाट पाहायला लावली. त्या वारुळाने सगळ्यांना जगवले, म्हणे. पुढे मालकाची माणसे कंटाळून परतली आणि हे लोक खाली येऊन राहिले.

आजही वाडीत मोसमातली पहिली अळंबी शिजली की घरातली सर्वांत म्हातारी बाई ती एकटी खाते, मग जात कितीही ओळखीची असो. पोरे वासाने कासावीस होतात, रडतात; कोणी त्यांना देत नाही. उजाडल्यावर घरातले सर्वांत धाकटे मूल तिच्या अंथरुणाशी जाऊन हाक मारते. ती ओ देईपर्यंत सारे घर श्वास रोखून उभे असते.

"उठले रे," ती म्हणते. "वाढा पोरांना."