नागपूरहून रोज येणारं माणूस

माणगंगेच्या काठाला एक गाव होतं. गावात धुळाजी सनगर राहायचा, घोंगडी विणणारा; आणि गावाबाहेर माळावर, लिंबाखाली, गैबीशा फकीर राहायचा. धुळाजी कुणापुढं मान वाकवणारा नव्हे. पण एके दिवशी भर उन्हात तो माळ चढून आला आणि त्यानं उभ्या उभ्याच विचारलं,

"बाबा, दुकान झटक्यात उघडाय लागलं, तर मानसं वाढायची का आटायची?"

"बस आधी. कुठलं दुकान?"

धुळाजी बसला नाही.

"फोनातलं. वेबसाइट म्हनत्यात. तितं माझी घोंगडी बघायची, तितनंच मागवायची."

गैबीशानं जन्मात फोन हातात धरला नव्हता. "हां," म्हणाला.

मग धुळाजीनं सगळं सांगितलं. दुकान उघडता उघडायचं नाही, कुणी काही मागवायचं नाही, घरातला माग चार महिने गप्प. म्हणून त्यानं साताऱ्याहून सल्लागार बाई आणली, मृदुला पानसे. शिकलेली पोर, बोलायला गोड. दोन दिवस तिनं सगळं तपासलं नि म्हणाली, "काका, दिवसाला चाळीस वेळा उघडतं तुमचं दुकान."

धुळाजीची छाती फुगली.

"त्यातल्या एकोणचाळीस वेळा तुम्हीच उघडता. कुणी आलंय का बघायला."

हे ऐकून गैबीशा खो खो हसला. धुळाजी हसला नाही.

"आनि चाळिसावं कोन?" गैबीशानं विचारलं.

"नागपूरचं कुनीतरी. रोज दुपारी यायचं, अर्धा अर्धा तास बसायचं, घ्यायचं काय न्हाई. बाई म्हनली, ते सोडा, गिऱ्हाईक न्हवं ते. पैल्या पानावरचा फोटो लई जड हाय, त्यो काढा. काढला. आता डोळा लवायच्या आत उघडतंय."

"मग?"

"आठ दिस झालं... नागपूरचंबी येईना. एकबी न्हाई, बाबा."

"फोटो कुनाचा हुता?"

"हौसाचा. टकळीवर लोकर काततीया... हसतीया."

हौसा म्हणजे धुळाजीची बायको. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती.

गैबीशानं विचारलं,

"नागपुरात कोन हाय तुझं?"

"कुनी न्हाई."

"कुनीच?"

"कुनी न्हाई म्हनलं न्हवं!"

होती. पोटची लेक होती, बनू. तिनं परजातीत लग्न केलं, तेव्हा धुळाजीनं सांगून टाकलं, आमच्या घराला तू मेलीस. आई गेल्याचं कळल्यावर पोर धावत वेशीपर्यंत आली होती. यानं तिला मातीला येऊ दिलं नाही. आईचं तोंड बघू दिलं नाही.

आता त्या लिंबाखाली त्याच्या ध्यानात आलं, पोर रोज दुपारी कुणापाशी येऊन बसत होती. आणि तेवढी जागासुद्धा आपणच मोडली.

तो मटकन खाली बसला.

"फोटो परत लावतो, बाबा. आत्ताच्या आत्ता बाईला सांगतो..."

गैबीशानं हात लांब केला आणि धुळाजीच्या मुठीतल्या फोनवर बोट ठेवलं.

"ह्याच्यात लेकीचा नंबर हाय?"

नंबर पुसला नव्हता. तीन वर्षांत एकदाही लावला नव्हता.

धुळाजीनं तो लावला. पलीकडं पहिल्याच घंटीला उचलला.

त्यानं तोंड उघडलं... शब्द फुटेना. पलीकडंही कुणी बोलेना. पण फोन ठेवलाही नाही. नुसता श्वास, वर-खाली, वर-खाली.

फोन कानाशी तसाच धरून धुळाजीनं रडवेल्या तोंडानं वर बघितलं.

"बाबा... ती कायच बोलंना."

"मग त्येच ऐक," गैबीशा म्हणाला.