सोणक वाटाड्या आणि तांड्याचा गजर

पूर्वी धान्यपूर नगरात सोमदत्त राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व डोंगराच्या पायथ्याशी एका वाटाड्याच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव सोणक. समुद्राकडून मीठ घेऊन बैलांचे तांडे घाट चढून वर येत, त्यांच्या पुढे सोणक चाले. तीस वर्षे तो ही वाट चालला होता. कुठला दगड पावसात सरकतो आणि कुठल्या झऱ्याला चैत्रातही पाणी असते, हे त्याला सांगावे लागत नसे. मात्र मुक्काम पडला की त्याचे काम संपले. मग त्याला कोणी काही विचारीत नसे आणि तोही कोपऱ्यात भाकरी खाऊन आडवा होई.

त्या तांड्यांची एक रीत होती. रानात मुक्काम पडला की मिठाच्या गोण्या गोलाकार रचायच्या, बैल आणि माणसे आत घ्यायची, आणि दिवस मावळला की गजर सुरू करायचा. गजर म्हणजे काय, तर ताटे बडवायची, सुपे आपटायची, शिंग फुंकायचे. एक चूल, म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसे, दमली की दुसऱ्या चुलीने हातात घ्यायचे, असे उजाडेपर्यंत. गजर थांबला की रान आत येते, असे जुनी माणसे सांगत. त्यामुळे आयुष्यभर रानातून ये-जा करूनही त्या माणसांनी रात्रीचे रान कधी ऐकले नव्हते. ऐकले ते आपलेच ताट.

एकदा मघदत्त नावाच्या व्यापाऱ्याचा तांडा घाट चढत होता. त्यात नंदिक नावाचा एक बैलवाला आणि त्याची बायको सुलसा होती. चढणीवर नंदिकच्या चांद्या बैलाचा खूर दगडात सापडून फाटला. नंदिकने त्याच्या पाठीवरचे ओझे दुसऱ्या बैलांवर वाटून दिले आणि तो म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे. मी याला हळूहळू घेऊन येतो. दिवस बुडायच्या आत पोचतो."

दिवस बुडाला. गोण्या रचून झाल्या. नंदिक आला नाही.

सोणक कोणाला न विचारता मागे गेला. मुक्कामाच्या खाली हाकेच्या अंतरावर वाटेला फाटा होता. उजवी वाट मुक्कामाकडे येई. डावीकडे मोठा उघडा कातळ होता, अंगणासारखा सपाट, आणि तो जिथे संपे तिथे एकदम खोल दरी. दरीपलीकडे काळा उभा कडा. सोणक फाट्यावर उभा राहून हाका मारू लागला, तेवढ्यात वर तांड्याचा गजर सुरू झाला. तो आवाज समोरच्या कड्यावर आपटला आणि डावीकडून घुमत आला. सोणकची मान आपोआप डावीकडे वळली. क्षणभर त्यालाही वाटले, आपला मुक्काम तिकडेच आहे.

तो तसाच उभा राहिला. मग त्याच्या अंगावर काटा आला.

तो परत आला तेव्हा सुलसा मघदत्तासमोर बसली होती. ती रडत नव्हती. पदराचे टोक बोटाला गुंडाळीत होती आणि सोडीत होती.

मघदत्त तिला सांगत होता, "अगं, आपला आवाज दोन कोसांवर जातो. त्या आवाजाच्या रोखाने येईल तो. तू जेव जरा."

"धनी," सोणक म्हणाला, "त्या आवाजाच्या रोखाने येईल म्हणूनच भीती आहे. गजर थांबवा."

चुलीपाशी उत्तिय नावाचा एक थट्टेखोर मीठवाला ताट बडवीत होता. तो हात न थांबवता म्हणाला, "ऐका. वाटाड्याबाबांना झोप येत नाहीये आवाजानं."

दोघेचौघे हसले. सोणकने फाट्यावर काय ऐकले ते सांगितले. कड्यावरून आवाज परततो, अंधारात माणूस त्या आवाजामागे कातळावर जाईल, आणि कातळ कुठे संपतो ते दिसणार नाही. मघदत्ताने सगळे नीट ऐकून घेतले. तो वाईट माणूस नव्हता. पण त्याच वेळी वरच्या रानातून वाघाचा आवाज आला, लांब आणि भरलेला. गजरातूनही तो सगळ्यांना ऐकू गेला. उत्तियचे ताट दुप्पट जोराने वाजू लागले.

"ऐकलंस ना?" मघदत्त म्हणाला. "साठ माणसं आहेत इथे. एका माणसासाठी साठांना उघडं टाकू? आणि तो तुझ्या त्या कातळावर आलाय हे तरी कशावरून?"

सोणकने डावीकडे कान दिला. तेवढ्यात एका चुलीने हात थांबवले आणि दुसरीने अजून घेतले नव्हते, त्या चार श्वासांच्या फटीत त्याला डाव्या अंगाने टिटवी ऐकू आली. टिटवी कातळावर बसते. जमिनीवरून कोणी चालत आले की उठते आणि त्याच्या डोक्यावर ओरडत राहते. पुन्हा ताटे सुरू झाली.

"कातळावर कोणीतरी चालतंय," सोणक म्हणाला.

"वाघ असेल," मघदत्त म्हणाला.

"वाघ असता तर तिकडची वानरं भिऊन खोकल्यासारखी ओरडली असती, धनी. वानरं गप्प आहेत. वाघ वरच्या अंगाला आहे, हा चालणारा खालच्या अंगाला. तो पाय उचलतोय ते आपल्या आवाजावर."

सुलसा उठून उभी राहिली. तिने नुसते सोणककडे पाहिले.

सोणकने आपली काठी घेतली, दोन गोण्यांवर हात टेकला आणि म्हातारपणी जमेल तसा पलीकडे उतरला. गोण्यांच्या बाहेर, अंधारात, गवतावर मांडी घालून बसला.

"हे काय करतोस?" मघदत्ताने विचारले.

"रान आत येणार म्हणता ना. मग ते आधी माझ्यापाशी येईल. मी आहे तोवर तुम्ही आहात. धनी, एक चूल पेटून विझेल एवढा वेळ द्या मला. जास्त नको."

मघदत्ताने त्या पाठमोऱ्या म्हाताऱ्याकडे पाहिले. मग त्याने हात वर केला. उत्तियचे ताट सगळ्यात शेवटी थांबले.

आधी त्यांना काहीच ऐकू आले नाही, कानात ताटेच वाजत होती. मग हळूहळू रान ऐकू येऊ लागले. रातकिडे होते. खाली ओढ्याच्या पात्रात कोल्ह्यांनी एक सूर लावला आणि मध्येच सोडून दिला. घुबड घुमले. वरच्या अंगाला एक सांबर खणखणीत ओरडले. माणसे एकमेकांना चिकटली. सोणक बाहेरून हळू आवाजात म्हणाला, "भिऊ नका. ते वाघाला पाहून ओरडतंय. आता पुढचं ओरडेल, त्याच्याकडे कान द्या." खरेच दुसरे सांबर ओरडले, आणखी लांबून. मग तिसरे, त्याहून लांबून. "वाघ डोंगराच्या पलीकडे चाललाय. सांगताहेत आपल्याला, ऐकायचं तेवढं." उत्तियच्या हातातली पळी त्याने केव्हा खाली ठेवली, त्यालाच कळले नाही.

डावीकडे टिटवी अजून ओरडत होती. पण आता एकाच जागी.

इतक्यात चांद्याचा जोडीदार बैल, जो संध्याकाळपासून चारा न खाता उभा होता, तो हंबरला. फार मोठ्याने नाही. असा तो आधीही हंबरला असेल, कोणाला ऐकू गेले नव्हते. कातळावरून उत्तर आले. जोडीदार पुन्हा हंबरला. पुन्हा उत्तर आले, आणि ते जरा जवळून आले.

मग टिटवीचा आवाज सरकू लागला. कातळावरून फाट्याकडे, फाट्यावरून उजव्या वाटेला. सुलसा गोण्यांपाशी जाऊन उभी राहिली होती. बऱ्याच वेळाने दगडावर लंगडा खूर वाजला, आणि बैलाच्या गळ्यात हात टाकून नंदिक उजेडात आला.

सुलसेने त्याला पाणी दिले. तो प्याला आणि म्हणाला, "मी तुमच्या आवाजाकडे चाललो होतो. चांद्या येईना, मी त्याला ओढत होतो, शिव्या देत होतो. मग तुमचा आवाज एकदम बंद पडला. वाटलं, तांडा मेला सगळा. मी थबकलो. पायाखालचा एक खडा सुटून पुढे गेला. तो खाली पडल्याचा आवाज फार उशिरा आला."

मघदत्त स्वतः गोण्यांवरून उतरून बाहेर गेला, त्याने सोणकला हात देऊन उठवले आणि आत आणले. "म्हाताऱ्या, तुला गजराची भीती वाटते आणि वाघाची नाही," तो म्हणाला.

"वाघाची वाटते की, धनी," सोणक म्हणाला. "पण भीतीनं आपण ओरडत राहिलो, तर दुसऱ्याचं कधी ऐकायचं?"

उरलेल्या रात्री त्या तांड्यात गजर झाला नाही. शेकोटी तेवढी जागती ठेवली. काही जण झोपले, काही जण पडल्या पडल्या ऐकत राहिले.

अरण्यात राहायला गेलेले काही भिक्षू श्वापदांच्या आवाजाने भिऊन रात्रभर भिक्षापात्रे वाजवीत बसले आणि त्यांच्यातल्याच एका आजारी भिक्षूने पाणी मागितलेले कोणाला ऐकू गेले नाही, तेव्हा त्यांच्या गुरूंनी, शास्त्यांनी, त्यांना ही कथा सांगितली. ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा मघदत्त म्हणजे तुमच्यातला हा ज्येष्ठ स्थविर. उत्तिय म्हणजे ज्याने पहिले पात्र वाजवले तो. सुलसा म्हणजे आज पहाटे येऊन त्या आजाऱ्याला पाणी देणारी उपासिका. नंदिक म्हणजे तो आजारी भिक्षू, आणि सोणक वाटाड्या मी होतो."

मग शास्त्यांनी क्षांतीचे नाव घेतले. भीती अंगावर घेऊन, हात न उचलता, गप्प बसून राहणे ही क्षांती. बोधिसत्त्वाने त्या जन्मी ती अशी पाळली.