गॅलरीचा मांडव

फार वर्षांपूर्वी एका शहरात फुटबॉलचं स्टेडियम होतं. त्याला पन्नास वर्षं झाली, तेव्हा दगडी गॅलरीनं हट्ट धरला, "मैदानातच मांडव घाला. स्टेडियमचा इतिहास मी सांगणार."

"अगं बाई, परवा अंतिम सामना आहे," हिरवळ कळवळून म्हणाली. "माझ्यात खुंट्या ठोकू नका."

"गवताला कसला आलाय इतिहास? दर पावसाळ्यात नवं उगवतं!" गॅलरी हसली.

गोलखांब वैतागला. "किती वेळा सांगू तुला? लोक तुझ्यावर बसतात ते खाली बघायला."

गॅलरीनं ऐकलं नाही. माणसांनाही हौस होतीच. मांडव उभा राहिला, खुंट्या ठोकल्या, शाली-श्रीफळं झाली.

सामन्याच्या दिवशी कप्तान संताजीचा पाय खुंटीच्या खड्ड्यात अडकला आणि तो तोंडावर आपटला. "हे मैदान आहे का चाळण?" तो ओरडला. "चला रे, नदीकाठच्या माळावर खेळू." दोन्ही संघ निघाले. त्यांच्यामागून सगळी गर्दीही उठून गेली.

"थांबा! इतिहास अजून बराच बाकी आहे!" रिकामी गॅलरी ओरडत राहिली.

"हळू बोल गं," गोलखांब म्हणाला. "हिरवळीचा आत्ता कुठे डोळा लागलाय."